छोट्या कारखान्यासाठी क्वालिटी मॅनेजर निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ॲल्युमिनियमच्या डाय-कास्ट (साच्यात ओतलेल्या) हाउसिंगचे, म्हणजे कवचासारख्या भागांचे, मशिनिंग करणारा, वडिलांनी पुण्याजवळ भोसरीत उभा केलेला ७० माणसांचा कारखाना आता तुम्ही चालवता. गेल्या ६ महिन्यांत ग्राहकाकडून ३ तक्रारी आल्या, त्यांच्यामागून डेबिट नोटा, म्हणजे बिलातून पैसे कापल्याचे कागद, आले आणि ग्राहकाच्या एसक्यूए इंजिनिअरने, म्हणजे पुरवठादारांची गुणवत्ता पाहणाऱ्या माणसाने, ‘स्वतंत्र क्वालिटी मॅनेजर नेमावा’ असे बैठकीच्या इतिवृत्तातच लिहून दिले. तुमच्यासमोर दोन नावे आहेत: मोठ्या कंपनीत १२ वर्षे काढलेला, ब्लॅक बेल्ट (सिक्स सिग्मा या सुधारणा-पद्धतीतली पदवी) आणि लीड ऑडिटरची प्रमाणपत्रे असलेला इंजिनिअर, आणि तुमच्याकडेच १४ वर्षे असलेला, आयटीआय झालेला सीनिअर इन्स्पेक्टर. निवडताना नेमके काय पाहावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी या क्षेत्रात २६ वर्षे आहे. सुरुवात इन्स्पेक्टर म्हणून झाली, पुढे क्वालिटी हेड झालो आणि गेली काही वर्षे लहान कारखान्यांना या विभागाची घडी बसवून देतो. या पदासाठी मी बऱ्याच मुलाखती घेतल्या आहेत आणि त्यांपैकी दोन निवडी सपशेल चुकल्या आहेत. त्या दोन्हींबद्दल पुढे लिहिले आहे, कारण बरोबर ठरलेल्या निवडींपेक्षा मला त्यांनीच जास्त शिकवले.

दोघांपैकी कोण, हे ठरवण्याआधी हा माणूस कोणते काम करायला येणार आहे ते ठरवावे लागेल. गुणवत्ता व्यवस्थापनाचे मानक असलेल्या आयएसओ ९००१ च्या २००८ च्या आवृत्तीत ‘मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह’ (एमआर) नावाचे पद होते. २०१५ च्या आवृत्तीत ते काढून टाकले आणि जबाबदारी थेट मालकावर व वरिष्ठ व्यवस्थापनावर टाकली. कागदावरून ते पद गेले, पण आपल्याकडच्या लहान कारखान्यांतून ‘एमआर’ काही गेला नाही. ऑडिटच्या आधी १५ दिवस रात्री जागून फायली पूर्ण करणारा आणि ग्राहकाची तक्रार आली की तिचे व्यवस्थित उत्तर लिहून पाठवणारा माणूस म्हणजे क्वालिटी मॅनेजर, अशी समजूत अजून पक्की आहे. तुमच्या ग्राहकाला उत्तरे चांगली लिहिणारा माणूस हवा आहे, असे मला वाटत नाही. तक्रारी कमी व्हाव्यात, असे त्याला वाटते. ही दोन कामे निराळी आहेत आणि ती दोन्ही चांगली करणारी माणसे मला फार थोडी भेटली. तुमच्या आजच्या स्थितीत दुसरे काम महत्त्वाचे आहे, असे मानून पुढचे सगळे लिहिले आहे.

यातले बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही मान्य करायला हवे. तुमच्याकडे मशिनिंग आहे, म्हणजे तयार झालेला भाग मोजून तो चांगला की वाईट हे बहुतेक वेळा कळते. हाच कारखाना उष्णतोपचाराचा किंवा प्लेटिंगचा असता, तर माझे उत्तर बदलले असते. तिथे भाग कापून किंवा मोडून पाहिल्याशिवाय आतले कळत नाही, आणि म्हणून त्या प्रक्रियेत हात काळे केलेल्या माणसाला पर्याय नसतो. औषधांचा कारखाना असता, तर गुणवत्ता नियंत्रणाचा प्रमुख उत्पादनापासून स्वतंत्र ठेवणे कायद्यानेच बंधनकारक झाले असते. २० माणसांच्या वर्कशॉपला पूर्ण वेळ क्वालिटी मॅनेजरची गरजच नसते. तिथे मालकाने रोज सकाळी अर्धा तास रिजेक्शनच्या लाल डब्याशी उभे राहावे, इतके पुरते. तुमच्या ७० माणसांच्या, दोन-तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याला मात्र तो लागेल.

आता मुलाखतीबद्दल. ती केबिनमध्ये घेऊ नका. केबिनमध्ये सगळेच उमेदवार सारखे दिसतात, कारण पीपॅपमध्ये (नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याच्या कागदपत्रांत) १८ घटक असतात आणि एटडीमध्ये (तक्रार सोडवण्याच्या ठरलेल्या पद्धतीत) पायऱ्या किती असतात, हे कोणीही आदल्या रात्री पाठ करून येऊ शकतो. उमेदवाराला चहा द्या आणि थेट शॉपवर, म्हणजे मशीन चालतात तिथे, न्या. एका टेबलावर तुमचे ५ रिजेक्ट झालेले हाउसिंग, त्यांचे ड्रॉइंग आणि ४-५ मापनसाधने ठेवा, त्यांत एक व्हर्नियर कॅलिपर मुद्दाम असू द्या. मग फक्त एवढेच म्हणा की, ‘हे परत आले आहेत, बघा जरा.’ पुढची १० मिनिटे तुम्ही काही बोलू नका.

पहिला प्रश्न कोणता येतो, याकडे लक्ष द्या. काही जण विचारतात, ‘ऑपरेटर कोण होता?’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत आला, तर मी मनातल्या मनात त्या नावापुढे फुली मारतो. चांगला उमेदवार आधी विचारतो, ‘बाकीचा माल कुठे आहे?’ म्हणजे ग्राहकाच्या स्टोअरमध्ये किती, वाटेत गाडीत किती, आपल्या तयार मालात किती आणि मशीनच्या बाजूच्या ट्रॉलीत किती. कारण शोधण्याआधी गळती थांबवायची असते, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. त्याहून चांगला उमेदवार लगेच पुढे विचारतो, ‘हे मोजले कशाने?’

व्हर्नियर ठेवायला मी उगाच सांगितले नाही. समजा तुमच्या हाउसिंगला २५ मिलिमीटर व्यासाचा एच७ (टॉलरन्सचा प्रमाणित वर्ग) बोअर, म्हणजे गोल भोक, आहे. म्हणजे तो २५.००० ते २५.०२१ या दरम्यान हवा. पूर्ण टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी तफावत, २१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नेहमीच्या व्हर्नियरचा लघुत्तम मापांकच, म्हणजे त्यावर वाचता येणारे सर्वांत लहान माप, २० मायक्रॉन असतो. जो उमेदवार व्हर्नियर आत घालून ‘पंचवीस पॉइंट झिरो टू’ असे सांगतो, त्याने कितीही प्रमाणपत्रे आणलेली असोत, त्याला मापन कळत नाही. मी एकदा एका मुलाला तो व्हर्नियर उचलताना, बोअरकडे पाहताना आणि मग काही न बोलता परत खाली ठेवून बोअर गेज व सेटिंग मास्टर (गेज शून्य करायची अचूक मापाची पोलादी रिंग) मागताना पाहिले. त्याने मास्टरच्या कॅलिब्रेशनची तारीख वाचली, गेज मास्टरवर शून्य केले, एकच बोअर उभ्या-आडव्या दोन दिशांनी आणि वर-खाली दोन खोलींवर मोजले, आणि पुन्हा गेज मास्टरवर नेऊन शून्य हलले नाही ना ते पाहिले. या सगळ्याला ३ मिनिटे लागली. त्याची नेमणूक मी तिथेच मनात पक्की केली होती.

तुम्ही लिहिले आहे की तीन तक्रारींपैकी एक बोअर लहान असल्याची होती आणि तुमच्या फायनल इन्स्पेक्शनमध्ये तोच माल बरोबर होता. तुमचे कारण हेच असेल असे मी म्हणत नाही, पण उमेदवाराची पारख करायला यासारखा प्रश्न नाही. लांबी-व्यासाच्या मापांचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात भोसरीतल्या पत्र्याच्या शेडखाली दुपारी ३८ अंश सहज असतात. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढते आणि पोलाद साडेअकराच्या आसपास. १८ अंशांच्या फरकाने २५ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा बोअर सुमारे १० मायक्रॉनने मोठा होतो, तर तुमचा पोलादी मास्टर ५ मायक्रॉनने. भाग आणि मास्टर दोन्ही शेडमध्येच असले, तरी तुमचे गेज बोअर खऱ्यापेक्षा ५ मायक्रॉनने मोठा दाखवते. तुमच्याकडे २५.००३ वाचलेला बोअर ग्राहकाच्या वातानुकूलित खोलीतल्या सीएमएमवर (संगणकीय मापन यंत्रावर) २४.९९८ येतो आणि परत येतो. दोन्ही इन्स्पेक्टर प्रामाणिक असतात, दोन्ही गेज कॅलिब्रेट केलेली असतात आणि तरीही डेबिट नोट निघते.

यातून मुलाखतीसाठी एक उत्तम कोडे तयार होते, ते मी नेहमी वापरतो. त्यात दोन आकडे येतात: प्रक्रियेचा फैलाव टॉलरन्समध्ये किती आरामात मावतो ते सीपी सांगतो, आणि सरासरी मध्यापासून किती सरकली तेही धरून सीपीके सांगतो. उमेदवाराला सांगा: ‘आमच्या शॉपवर या बोअरचा सीपी १.८ आहे आणि सीपीकेही १.८ आहे. ग्राहक म्हणतो, त्याच्याकडे सीपी १.८ पण सीपीके ०.९ येतो. काय करावे?’ सीपी चांगला आणि सीपीके अर्धा, याचा अर्थ प्रक्रियेची क्षमता शाबूत आहे, फक्त सरासरी मध्यापासून मर्यादेच्या दिशेने निम्मे अंतर सरकली आहे. आपल्या बोअरच्या बाबतीत ते अंतर सव्वापाच मायक्रॉन होते, म्हणजे नेमके तापमानाने खाल्लेले. बहुतेक उमेदवार ‘ऑपरेटरला प्रशिक्षण देऊ’ असे म्हणतात. काही जण ‘टूल ऑफसेट (मशीनवरची टूलच्या जागेची दुरुस्ती) बदलू’ म्हणतात; ते निदान सरासरी सरकल्याचे ओळखतात. आणि क्वचित एखादा विचारतो की, ‘त्यांनी कोणत्या तापमानाला मोजले आणि आपण कोणत्या?’ हा प्रश्न ज्याला सुचतो, त्याला आकडे शिकवावे लागत नाहीत. मात्र हे उत्तर आले नाही म्हणून कोणाला बाद करू नका. तुम्ही तापमानाचा नुसता इशारा दिल्यावर त्याच्या डोळ्यांत काही हलते का, तो लगेच कागद-पेन मागतो का, हे पाहा. मशिनिंगमध्ये नवा असलेला पण हाडाचा हुशार माणूस तिथे ओळखू येतो.

प्रमाणपत्रांना मी बिनकामाची म्हणत नाही. लीड ऑडिटरचा पाच दिवसांचा अभ्यासक्रम मन लावून केलेला माणूस मानकाचे कलम आणि शॉपवरचे दृश्य यांची सांगड घालू शकतो. मोजमाप पद्धतीचे विश्लेषण, म्हणजे गेज आरअँडआर, स्वतः केलेला असेल तर तो गुण मोठा आहे. मोजण्यातलीच चूक १० टक्क्यांच्या आत चांगली, ३० च्या वर गेज त्या कामाला वापरू नये, हे सगळ्यांना पाठ असते, पण ‘३० च्या वर आले तेव्हा तुम्ही काय केले?’ या प्रश्नावर खरा अनुभव बोलू लागतो. ब्लॅक बेल्टबद्दल मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा: हा पट्टा देणारी कोणतीही एक सर्वमान्य संस्था नाही. कोणाचा पट्टा दोन वर्षांच्या दोन प्रकल्पांनंतर मिळालेला असतो आणि कोणाचा शनिवार-रविवारच्या वर्गानंतर. त्यामुळे पट्टा न पाहता प्रकल्प विचारा, आणि प्रकल्पात ‘आम्ही केले’ असे सांगितले की, ‘त्यातले तुम्ही स्वतः काय केले?’ असे पुन्हा विचारा.

माझी पहिली चुकलेली निवड याच कागदांवर झाली. उमेदवाराने आधीच्या कंपनीतले नमुने दाखवले होते. कंट्रोल प्लॅन, एफएमईए (काय बिघडू शकते याचा आगाऊ तक्ता), कंट्रोल चार्ट (ठरावीक वेळाने घेतलेल्या मापांचा मर्यादांसह आलेख), सगळे इतके नेटके की मी दुसऱ्या कोणाची मुलाखतच घेतली नाही. आठ महिने ऑडिट निर्धोक गेले. मग एका नव्या ग्राहकाचा ऑडिटर आला. त्याने चार्टची फाइल घेतली, दोन पाने चाळली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. एका तारखेवर त्याने बोट ठेवले. तो गुरुवार होता. आपल्या पट्ट्यात गुरुवारी वीज बंद आणि साप्ताहिक सुट्टी. त्या दिवशी कारखान्यात वॉचमनशिवाय कोणी नव्हते, आणि चार्टवर मात्र तिन्ही पाळ्यांची पाच-पाच वाचने एकाच निळ्या शाईत व्यवस्थित भरलेली होती. महिनाअखेरीला एका बैठकीत चार्ट भरून काढले जात होते. तो ग्राहक गेला. दोष त्या माणसाचा होताच, पण त्याच्या चार्टवर कधी एकही बिंदू मर्यादेबाहेर गेला नाही आणि ते मला खटकले नाही, हा दोष माझा होता. तेव्हापासून मी उमेदवाराला त्याच्या आयुष्यातला सर्वांत वाईट चार्ट कसा होता ते सांगायला लावतो. ज्याच्याकडे तशी गोष्टच नाही, त्याच्यापासून मी सावध राहतो.

दुसरी चूक अगदी उलट्या टोकाची होती. या वेळी मी कडक माणूस आणला. कोणाच्या बापाला न घाबरणारा, अशी त्याची ख्याती होती आणि ती खरी होती. रिजेक्ट झालेला भाग हातात धरून तो सगळ्यांसमोर ऑपरेटरचे नाव घ्यायचा आणि फळ्यावर ते नाव लिहायचा. चार महिन्यांत नोंदीतले रिजेक्शन ३ टक्क्यांवरून १ च्या आसपास आले. मालकाने पेढे वाटले. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पूजेसाठी मशीन धुवायला काढल्या, कूलंटची, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, टाकी पुढे ओढली आणि तिच्यामागे चिखलात रुतलेले ४० च्या वर हाउसिंग निघाले. फळ्यावर नाव येण्यापेक्षा भाग टाकीमागे टाकणे लोकांना सोयीचे वाटत होते. रिजेक्शन कमी झालेच नव्हते, फक्त ते दिसायचे बंद झाले होते. म्हणून शॉपवर फिरताना उमेदवार तुमच्या ऑपरेटरशी कसा बोलतो ते कान देऊन ऐका. ‘काय रे, हे असे का केलेस?’ आणि ‘दादा, हा भाग फिक्स्चरमध्ये बसताना काही अडते का?’ या दोन वाक्यांत फार मोठा फरक आहे. (फिक्स्चर म्हणजे मशीनवर भाग पकडून ठेवणारा साचा.) दुसऱ्या वाक्यावर ऑपरेटर तोंड उघडतो, आणि नव्वद टक्के कारणे त्याच्याच तोंडात असतात. हा नव्वदचा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, कुठल्या अभ्यासातला नाही.

याच्याशी जोडलेली आणखी एक चाचणी आहे. उमेदवाराला त्याने हाताळलेल्या एखाद्या तक्रारीचे मूळ कारण सांगायला लावा. पाच वेळा ‘का’ विचारून शेवटी ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ आणि उपाय म्हणून ‘समज दिली, प्रशिक्षण दिले’ इथे गाडी थांबत असेल, तर तो तक्रार मिटवणारा माणूस आहे. ज्याने पिन बसवून भाग उलटा बसणारच नाही असे फिक्स्चर बदलून घेतले, किंवा चिप (धातूचा कीस) अडकत होती म्हणून हवेची नळी लावून घेतली, त्याच्या बोलण्यात वस्तू येतात. कारणांच्या गोष्टीत वस्तू किती आणि माणसे किती, हे मोजायची मला सवयच लागली आहे.

आता सर्वांत अवघड प्रश्न, तो शेवटी विचारा. ‘संध्याकाळचे सहा वाजले आहेत. गाडी दारात उभी आहे, ६०० नग भरायचे आहेत, ग्राहकाची लाइन सकाळी या मालावर अवलंबून आहे. शेवटच्या तपासणीत २ नग खराब निघाले. मी फोन करून सांगते की माल सोडा. तुम्ही काय कराल?’ याचे एकच बरोबर उत्तर नाही, पण चुकीची उत्तरे दोन आहेत. ‘मॅडम, तुम्ही म्हणाल तसे’ हे पहिले. ‘काहीही झाले तरी माल सोडणार नाही’ हे दुसरे, आणि ते ऐकायला बाणेदार वाटले तरी पहिल्याइतकेच निरुपयोगी आहे, कारण त्यानंतर सकाळी ग्राहकाची लाइन बंद पडते आणि त्याबद्दल या माणसाकडे काही योजना नसते. उपयोगाचा माणूस आधी तुम्हालाच प्रश्न विचारतो: दोष कोणत्या मापात आहे, ते माप सुरक्षेशी निगडित आहे का, तपासणीत चांगला निघालेला शेवटचा नग किती वाजताचा, टूल कधी बदलले? मग तो म्हणतो की टूल बदलण्याआधीचे ३५० नग निघू देतो, उरलेल्यांचे १०० टक्के सॉर्टिंग, म्हणजे एकेक नग तपासून निवड, रात्रपाळीत करून पहाटे दुसरी गाडी काढतो आणि ग्राहकाच्या एसक्यूएला आत्ताच, गाडी सुटायच्या आधी फोन करतो. सवलतीने माल घ्यायला ग्राहक तयार असेल, तर ती परवानगी लेखी घेतो. आणि सुरक्षेचे माप असेल, तर तुमच्या फोननंतरही थांबवतो. ही शेवटची ओळ तो न अडखळता म्हणतो का, ते ऐका.

इथेच तुमचीही परीक्षा आहे. तुमचा ग्राहक वाहन उद्योगातला आहे, त्यामुळे आज ना उद्या तुम्हाला आयएटीएफ १६९४९ कडे, म्हणजे वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाकडे, जावे लागेल. त्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटले आहे की उत्पादनाच्या अनुरूपतेची जबाबदारी असलेल्या माणसांना मालाची रवानगी आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि प्रत्येक पाळीत अशी जबाबदारी सोपवलेला माणूस असला पाहिजे. हा अधिकार नेमणूकपत्रात लिहा. नवा माणूस प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली ठेवू नका; त्याने थेट तुम्हाला सांगावे. त्याचा बोनस डिस्पॅचच्या रकमेशी जोडू नका आणि रिजेक्शनच्या टक्केवारीशी तर मुळीच जोडू नका, नाहीतर तुमच्याही कूलंटच्या टाकीमागे माल साचू लागेल. पगाराबद्दल तुम्ही विचारले आहे. आकडा गाव, अनुभव आणि ग्राहकानुसार बदलतो, म्हणून मी तो सांगत नाही. मात्र घासाघीस करायला बसण्याआधी गेल्या वर्षातल्या डेबिट नोटा, सॉर्टिंगसाठी ग्राहकाकडे पाठवलेल्या माणसांचा खर्च आणि तातडीने पाठवलेल्या गाड्यांचे भाडे यांची एका कागदावर बेरीज करा.

आता तुमच्या दोन उमेदवारांबद्दल. मोठ्या कंपनीतल्या माणसाच्या दिमतीला मेट्रॉलॉजीची खोली असते, कॅलिब्रेशन पाहणारा वेगळा माणूस असतो, पुरवठादारांसाठी वेगळा विभाग असतो. तुमच्याकडे त्याला स्वतः गेज पॅक करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावे लागेल आणि दुपारी लाल डब्यातला माल मोजावा लागेल. काही माणसे यात रमतात, काही तीन महिन्यांत गळपटतात. शॉपवरच्या दहा मिनिटांत त्याने हात लावून काही मोजले का, यावरून बराच अंदाज येईल. संदर्भ घेताना एचआरला फोन करू नका, ते नोकरीच्या तारखा सांगतील. त्याच्या आधीच्या, म्हणजे सध्याच्या नव्हे, कंपनीतल्या उत्पादन विभागातल्या माणसाशी बोला. ‘त्याने तुमचा माल अडवला होता का, आणि अडवल्यावर पुढे काय झाले?’ एवढा एकच प्रश्न पुरेसा आहे.

तुमच्या इन्स्पेक्टरला १४ वर्षांत प्रत्येक भागाची खोड माहीत झाली आहे. कोणत्या मशीनवर सोमवारी सकाळी पहिले दहा नग बिघडतात, हे बाहेरच्या माणसाला कळायला वर्ष जाते. सीपी-सीपीके त्याला येत नसेल, पण ते सहा महिन्यांत शिकवता येते. पुण्यात त्यासाठी चांगले वर्ग आहेत. माझी शंका दुसरीच आहे. तुम्ही लिहिले आहे की तुमचे प्रॉडक्शन मॅनेजर वडिलांच्या काळापासूनचे आहेत आणि हा इन्स्पेक्टर त्यांना ‘काका’ म्हणतो, त्यांच्याच हाताखाली तयार झाला. काकांचा माल तो अडवू शकेल का? याचे उत्तर मुलाखतीत मिळणार नाही, जुन्या नोंदींत मिळेल. गेल्या दोन वर्षांत ‘होल्ड’चे, म्हणजे माल अडवून ठेवल्याचे, किती लाल टॅग त्याच्या सहीने लागले आणि त्यांतले किती काढताना त्याची सही आहे, ते पाहा. लावताना त्याची आणि काढताना काकांची सही असेल, तर त्याला ज्ञान आहे, पण वजन नाही; आणि ते वजन त्याला फक्त तुम्हीच देऊ शकता.

तुमच्या जागी मी असतो, तर आधी तीच टेबलाची चाचणी दोघांची घेतली असती, इन्स्पेक्टरचीही, आणि तितक्याच गांभीर्याने. तो मापनात सरस ठरला आणि टॅगच्या नोंदीत निभावला, तर मी त्याला पद देईन आणि कागदांसाठी, पीपॅपसाठी, ग्राहकाशी इंग्रजीत बोलण्यासाठी एक डिप्लोमा झालेला तरुण इंजिनिअर त्याच्या हाताखाली देईन. तुमच्या ग्राहकाचा आग्रह पदवीवर असेल, तर मात्र हा मार्ग बंद आहे, आणि ते त्यांच्या एसक्यूएला आधीच स्पष्ट विचारून घ्या. बाहेरचा माणूस घेतलात, तर त्याला पहिल्या महिन्यात कोणतीही नवी फाइल उघडू देऊ नका. प्रत्येक पाळीत एकेक आठवडा उभे राहू द्या.

कोणीही आला तरी पहिल्या तीन महिन्यांत तुमचे रिजेक्शन वाढलेले दिसेल. जे आजवर नोंदले जात नव्हते ते नोंदले जाऊ लागते, म्हणून आकडा चढतो. समजा महिन्याला ४०,००० नग जातात आणि ग्राहकाकडून ३०० परत येतात, म्हणजे ७,५०० पीपीएम (दहा लाखांमागे खराब नग). तीन महिन्यांनी कारखान्यातले रिजेक्शन वाढलेले आणि हा पीपीएम उतरलेला दिसला, तर माणूस बरोबर आहे. दोन्ही एकदम उतरले, तर टाकीमागे डोकावून या.

आणि एक काम नेमणूकपत्र निघण्याआधी करायचे आहे. निवड बाहेरच्याची झाली, तर ती बातमी इन्स्पेक्टरला सूचनाफलकावरून किंवा कॅन्टीनमध्ये कळू देऊ नका. त्याला केबिनमध्ये बसवून, कारणासकट, तुम्ही स्वतः सांगा; प्रॉडक्शन मॅनेजर काकांना त्याच दिवशी, पण वेगळे भेटून सांगा, आणि माल थांबवण्याच्या अधिकाराचा कागद त्यांना तेव्हाच दाखवा.